रेवाचा पूल आणि काशिरामची पाणसळ

माझी मुलगी रेवा खाडीवरचा झुलता पूल बांधते, हे मी विचुंब्यातल्या आमच्या सोसायटीत दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चौतीस वर्षं विमा कार्यालयात फायली सरकवल्यावर माणसानं कशाचा तरी अभिमान बाळगायला नको का?

शेवटी सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणाली, कृष्णकांतराव, एकदा दाखवा तरी. मी गाडी ठरवली, बायकोनं, सुनंदानं, घावन बांधून घेतले आणि आम्ही अकरा जण रविवारी खाडीवर पोचलो. त्यांच्यातला काशिराम पाणसळ घेऊन आला होता. ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ कुणाकडे चहाला गेला तरी आधी ओट्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा बघतो.

दोन उंच मनोरे, त्यांच्यावरून गेलेल्या दोन जाडजूड केबल. माझी छाती फुगली. मग मधोमध लटकलेला रस्ता दिसला. पोलादाचे सातआठ अवाढव्य तुकडे ओळीनं टांगलेले, वरून एकमेकांना टेकलेले आणि खालून उघडे. सगळी ओळ मध्ये खचलेली.

काशिरामनं एक डोळा मिटून पाणसळ पुलाच्या रेषेत धरली. मग म्हणाला की, आमच्या साहेबांनी हे पाडायला लावलं असतं. मंडळी हसली.

"मधला भाग रेवाकडे नाही," मी म्हणालो. "तिचं काम फक्त मनोऱ्यांचं."

सुनंदानं मला कोपरानं ढोसलं. मागे हेल्मेट घालून रेवा उभी होती.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सगळ्यांना समजावलं. वाळत घालायच्या दोरीवर मधोमध एकच ओली चादर टाकली की दोरी तिथेच खाली जाते. दोन्ही बाजू भरल्या की सावरते. इथेही मनोऱ्यांपर्यंतचे तुकडे टांगले की मधला भाग वर येईल आणि फटी मिटतील. आज वाकडं दिसतंय ते गणित करूनच. काशिरामनं पाणसळ पिशवीत टाकली.

"बाबा, तुम्ही निदान मला विचारायचं होतंत," एवढंच म्हणून ती कामाकडे निघाली. मला माझीच लाज वाटली. परक्या माणसांच्या हसण्याला भिऊन मी पोटच्या पोरीचं काम नाकारलं होतं.

किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या कोळ्यानं तेवढ्यात विचारलं, "काय ओ, पूल वाकडा हाय ना?"

रेवा अजून फार लांब गेली नव्हती. तिला ऐकू जावं म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हो, वाकडा आहे. माझ्या मुलीनं टांगलाय."