रस्ता चढला, पायरी जागच्या जागी

आधी पाय उचला. हां, आता बोलते.

मी पायरी. गीताबाईंच्या दारातली, काळ्या पाषाणाची, अखंड एका दगडाची. हल्ली पायरी म्हटलं की लोकांना सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेली गुळगुळीत फरशी आठवते. पाऊस पडला की तिच्यावरून निम्मी गल्ली घसरते. मी त्यातली नाही. माझ्यावरून आजवर कुणी घसरलेलं नाही. जे पडले ते आपल्याच नादात पडले आणि नाव माझं घेतलं.

माझा जन्म मांजरसुंब्याच्या घाटाखालच्या एका खाणीतला. पाथरवटानं मला छिन्नी-हातोडीनं घडवलं आणि चढणाऱ्याचा पाय रोवला जावा म्हणून माझ्या अंगावर बारीक खाचा मारल्या. गीताबाईंचे मालक अर्जुनराव मला बैलगाडीत घालून नेकनूरच्या पुढच्या या गावात घेऊन आले. माझ्या वजनानं गाडी कशी करकरली आणि बैलांनी वाटेत कशी बसकण मारली, हे अर्जुनराव शेवटपर्यंत कौतुकानं सांगत. आपल्या बायकोबद्दल एवढं कौतुक त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

तेव्हा मी उंच होते. रांगती पोरं दोन्ही हात टेकून माझ्यावर चढायची. गीताबाईंच्या लेकानं, अंगदनं, पुढचा दात माझ्यावरच पाडून घेतला. मागे ओटा, त्याच्यामागे उंबरा आणि सगळ्यांच्या पुढे मी. घरात येणाऱ्याचा पहिला पाय माझ्यावर पडायचा.

माणूस कशाला आलाय हे मला त्याच्या पायावरून कळतं. विरजण मागायला आलेली बाई एकच पाय टेकते. चुगली सांगायला आलेली दोन्ही पाय टेकते, मागे वळून बघते आणि मग बसतेच. मतं मागायला येणारे माझ्यावर चपला काढतात, निवडून आल्यावर रस्त्यावरूनच हात हलवतात. मी सगळं पाहते आणि गप्प राहते. गीताबाई सगळं पाहतात आणि बोलतात, एवढाच आमच्यात फरक.

अर्जुनराव गेल्यावर गीताबाईंनी ओट्यावर बसायला सुरुवात केली. तिथून सगळी गल्ली दिसते. कुणाची बकरी कुणाच्या दारात गेली, कुणाचा नळ वाहतोय, कुणाची सून फोनवर किती वेळ बोलते, सगळ्याचा निकाल त्या ओट्यावर लागायचा. समोरच्या वनमालाबाईंचे सासरे म्हणायचे, गल्लीला सरपंचाची गरज नाही, गीताबाईंना फक्त एक शिक्का करून द्या.

मग रस्ता आला.

पहिल्यांदा मुरूम आला, तेव्हा मला बरं वाटलं. चिखल गेला. मग डांबर आलं. मग डांबरावर सिमेंट आलं. मग त्या सिमेंटला भेगा पडल्या म्हणून त्याच्यावर आणखी सिमेंट आलं. जुनं उकरायचं आणि मग नवं करायचं, हे कुणाच्या मनात आलं नाही. प्रत्येक वेळी नारळ फुटला, फोटो निघाला आणि रस्ता वीतभर वर चढला. मी जागची तसूभर हलले नाही. पण एक दिवस बघते तर रस्ता माझ्या कपाळाला येऊन भिडलेला. जिच्यावर चढून घरात जायचं ती मी, माझ्यावरून लोक आता घरात उतरायला लागले. मग पाणी तरी कशाला मागं राहतंय? मागच्या परतीच्या पावसात गल्लीचं सगळं पाणी माझ्या डोक्यावरून घरात शिरलं. ज्वारीची पोती खालून भिजली आणि गीताबाईंची सून तेजश्री परातीनं पाणी उपसत बसली.

दुसऱ्या दिवशी गीताबाईंनी ठरवलं. ओटा उचलायचा, उंबरा वर घ्यायचा आणि समोर दोन नव्या पायऱ्या काढायच्या. नबी मिस्त्रींना सांगावा गेला. नबी मिस्त्री म्हणजे पंचक्रोशीतले जुने गवंडी. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, चहा घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“आक्का, पंचायतीत इचारलंय का?”

“कावून? दार माझं, ओटा माझा. पंचायत काय माझ्या घरात नांदायला येनार हाय?”

“तसं न्हाई. कागद असला की बरं असतंय.”

“कागदापेक्षा मोठं करते,” गीताबाई म्हणाल्या. “गूळ वाटते.”

ही आमच्या गल्लीची रीत. कुणाला भिंत घालायची असो, मोरी काढायची असो की न्हाणी बांधायची असो, काम काढायच्या आधी घरोघरी गुळाचा खडा न्यायचा आणि काय बांधणार ते सांगायचं. ज्यानं गूळ खाल्ला, त्याची हरकत नाही. हरकत असेल त्यानं खडा परत करायचा आणि मग बसून बोलायचं. रीत चांगलीच होती. फक्त गीताबाईंचा गूळ कुणी परत केल्याचं आजवर कुणाला आठवत नव्हतं.

गीताबाईंनी सगळ्या गल्लीत गूळ वाटला. समोर वनमालाबाईंना दिला, त्यांनी पदर सावरत खाल्ला. पंचायतीच्या ऑफिसात जाऊन ग्रामसेवक शिवशंकर यांनाही दिला. हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण गल्लीला एवढा लांब शब्द तोंडात धरवत नाही. शिवशंकर जेवायच्या गडबडीत होते. त्यांनीही खडा तोंडात टाकला. गीताबाईंच्या हिशेबी परवानगीवर शिक्काच बसला.

नबी मिस्त्रींनी रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली, नव्या पायऱ्या कुठवर येणार त्याची. मग पहार घालून मला उपटलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीला वारा लागला. मला भिंतीला टेकवून उभं केलं. दगडानं उभं राहायचं म्हणजे किती लाजिरवाणं असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. त्यातच मी मिस्त्रींचं बोलणं ऐकलं. नव्या पायऱ्यांवर फरशी बसवू, ही काळी पायरी फोडून ओट्याच्या भरावात घालू, चांगला माल हाय. माल! मांजरसुंब्याहून गाडीत बसून आलेली मी, आता भराव होणार होते.

ओट्याची एक बाजू उचलून होते न होते तोच शिवशंकर मोटारसायकलवरून आले. ते उतरले आणि टेप काढून चुन्याची रेघ मोजायला लागले. गीताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“काम थांबवा, काकू. तक्रार आलीय.”

“तुमी गूळ खाल्लाय.”

“खाल्लाय. मला भूक लागलती म्हणून खाल्ला. गुळानं परवानगी होत न्हाई.”

नबी मिस्त्रींनी हळूच थापी खाली ठेवली. मग शिवशंकरांनी सगळं उलगडून सांगितलं, आणि माणूस चांगला, चिडून नाही सांगितलं. घराला रंग द्या, गिलावा करा, गळकं छप्पर दुरुस्त करा, त्याला कुणी विचारत नाही. पण ओटा उचलायचा, भिंत वाढवायची, पायऱ्या नव्यानं काढायच्या, तर आधी पंचायतीत अर्ज, घराचा उतारा आणि हद्द दाखवणारा नकाशा द्यायचा. नियम सारखे बदलतात, म्हणून तर कुदळ मारायच्या आधी येऊन विचारायचं. आणि रस्त्यात पायऱ्या काढायला तर कागद आणला तरी कुणी हो म्हणणार नाही.

“ही जुनी पायरीसुद्धा निम्मी रस्त्यातच होती,” त्यांनी माझ्याकडे टेप दाखवून सांगितलं.

तिथं मात्र गीताबाईंचा पारा चढला. “ही रस्त्यात गेली न्हाई. रस्ता हिच्यावर आला. लिहा तसं.”

शिवशंकरांनी टेप मिटवून खिशात घातली. “काकू, खरं हाय,” ते म्हणाले. “पन ते लिहायला माझ्याकडं रकाना न्हाई.”

कुणालाच हसू आवरलं नाही, फक्त गीताबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर समोरच्या दारात उभ्या असलेल्या वनमालाबाईंवर होती. त्यांनी सरळ विचारलं, तक्रार तू केलीस का. वनमालाबाईंनी मान खाली घातली आणि वर केली.

“केली, काकू.”

“मग गूळ कावून खाल्लास?”

“तुमी दिला म्हनून,” वनमालाबाई म्हणाल्या. “तुमचा गूळ वापस करायची कुनाची छाती हाय?”

वनमालाबाई पुढे हळू बोलल्या. सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली, तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीत वळलीच नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पायऱ्या पुढे ओढलेल्या. मग त्यांना बाजेवर घालून हमरस्त्यापर्यंत न्यावं लागलं. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्या बाजेचा एक पाय गीताबाईंच्याच खांद्यावर होता. मी पाहिलंय ते. माझ्यावर पाय देऊनच त्या धावल्या होत्या. म्हातारबाबा काही परत आले नाहीत.

गीताबाई आत गेल्या. नबी मिस्त्रींनी थाप्या धुतल्या. मी भिंतीला टेकून उभी, आणि माझं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

पण गीताबाईंचा स्वभाव तुम्हाला सांगते. त्या हरत नाहीत, फक्त बाजू बदलतात. सकाळी त्या नेकनूरहून बीडला जाणाऱ्या एसटीत बसल्या, इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला, उतारा आणि कर भरल्याची पावती पिशवीत घातली आणि पंचायतीत जाऊन शिवशंकरांना म्हणाल्या, नीट बघून घ्या, मला परत परत यायला येळ न्हाई. आणि ऑफिसात जायच्या आधी त्या कुठं गेल्या ठाऊक आहे? समोरच्या दारात. हातात गूळ नव्हता, नकाशा होता.

“आधी बघ. मग बोल. गूळ नंतर.”

वनमालाबाईंनी नकाशा उलटसुलट बघितला आणि घाबरत घाबरत एकच सांगितलं. पायऱ्या बाहेर काढू नका, ओट्यातच कापून घ्या. गीताबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता नकाशाचा बोळा होणार. ओटा कापायचा म्हणजे त्यांची बसायची जागा जाणार. जिथून त्या गल्ली चालवतात ती जागा. अंगदनं समजावून बघितलं, आई, आडवा पाइप टाकून पाणी वळवू, ओट्याला हात नको लावू. गीताबाईंनी त्याला गप्प केलं.

“गाडी वळली पायजे,” एवढंच त्या म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत परवानगीचा कागद आला. तेजश्रीनं त्याचा फोटो फोनवर काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, जणू घरात पाहुणा जन्मला. नबी मिस्त्रींनी ओटा कापून आतल्या आत पायऱ्या काढल्या. उंबरा वर घेतला. पायऱ्या रस्त्याकडे एक वीतही सरकल्या नाहीत. एका बाजूला ओट्याचा एवढासा तुकडा उरला.

शेवटी माझी पाळी आली. मिस्त्रींनी घण उचलला आणि गीताबाईंकडे बघितलं.

“आक्का, हिला भरावात टाकू?”

“हात लावून बघ,” गीताबाई म्हणाल्या. “हिला त्या तुकड्यावर ठेव. वर. मी कुठं बसू मग?”

आयुष्यभर लोकांनी माझ्यावर पाय दिला. आता मी गल्लीतली सगळ्यात उंच पायरी आहे आणि माझ्यावर गीताबाई बसतात. पाथरवटानं पाय रोवण्यासाठी मारलेल्या खाचा त्यांना टोचतात, म्हणून तेजश्रीनं वर गोधडीची घडी टाकली आहे. मला काही ती आवडत नाही, पण म्हातारीच्या हाडांपुढं माझं काय चालतं.

काम झालं त्या दिवशी गूळ वाटला. शिवशंकर आले, तेव्हा त्यांनी आधी विचारलं की हा कसला गूळ आहे, मगच तोंडात टाकला. सगळ्यात शेवटी गीताबाई समोर गेल्या आणि चांगला मोठा खडा वनमालाबाईंच्या हातावर ठेवला. वनमालाबाईंनी तो बघितला, अर्धा मोडला आणि अर्धा परत गीताबाईंच्या हातावर ठेवला.

“एवढा नको, काकू. मला शुगर हाय.”

सगळी गल्ली श्वास रोखून बघत होती. गीताबाईंनी परत आलेला तुकडा बघितला, तोंडात टाकला आणि चावत म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस.”

माझं ऐकाल तर असं करा. तुमच्या घरी भिंत घालायची असेल, ओटा वाढवायचा असेल, तर कुदळ मारायच्या आधी पंचायतीत जा, आणि त्याच्याही आधी समोरच्या दारात जा. तुमच्या तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड जातं. ज्यांना ते म्हणता येत नाही, त्यांच्यासाठीच तो कागद असतो. आणि रस्ता करणाऱ्यांनो, तुम्हीही जरा खाली वाकून बघत चला. तुमच्या सिमेंटाखाली माझ्यासारखी कुणीतरी असते.

बोलून झालं. ॲम्ब्युलन्स आता आमच्या गल्लीत वळते, काहींनी आपापल्या पायऱ्या अजून आत घेतल्या नसल्या तरी आमच्या दारापाशी तरी वळते. आता या, बसा माझ्याशेजारी. चपला मात्र खाली काढा, रस्त्यावर नाही, आतल्या बाजूला.