प्रायमरची भिंत

मावशीने रंगाऱ्याचा हात वरच्यावर धरला.

"बस. इथून पुढे नाही."

ब्रशावरचा राखाडी थेंब ओघळून तिच्या मनगटावर पडला. समोरच्या भिंतीला पांढरा प्रायमर लागून झाला होता. आता राखाडी रंगाचा पहिला हात द्यायचा होता. गल्लीतली बाकी सगळी घरे कारखान्याच्या खर्चाने कालपर्यंत राखाडी होऊन गेली होती.

"मावशी, हा नुसता प्रायमर आहे," रंगारी म्हणाला. "असंच ठेवलं तर घर बनियनवर समारंभाला आल्यासारखं दिसेल."

"दिसू दे. बनियन स्वच्छ आहे ना?"

तिने खिडकीच्या कठड्यावरून एक बोट फिरवले आणि ते रंगाच्या डब्याशेजारी धरले. बोटावरची काजळी आणि डब्यातला रंग, दोन्ही एकच.

"अगदी जुळवून आणलाय हो! एवढं जुळवून तर लोक सोयरीकही करत नाहीत."

रंगारी हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्याने डब्याचे झाकण लावले.

संध्याकाळी कारखान्याचे साहेब आले. गल्लीच्या टोकाला त्यांच्या भट्ट्या होत्या, आणि पंधरा दिवसांनी तपासणीचे लोक यायचे होते.

"गल्ली एकसारखी दिसली की बरं वाटतं, मावशी. बाकी काही नाही."

"मला पांढरंच बरं वाटतं. भिंत माझी आहे."

"तुमचीच आहे." साहेबांनी आत, जेवायला बसलेल्या तिच्या मुलाकडे पाहिले. "याची नोकरी या महिन्यात पक्की व्हायची आहे. मी शब्द टाकलाय. तेवढं लक्षात असू द्या."

मुलाचा घास हातातच राहिला. तो भट्टीच्या धुरातली धूळ अडवणाऱ्या यंत्रावर होता. धूर लांबलचक कापडी पिशव्यांतून गाळून मगच धुराड्यात सोडायचा, हे त्याचे काम. सहा वर्षे तो तिथे कच्चाच होता.

साहेब गेल्यावर तो म्हणाला, "आई, एका भिंतीपायी माझ्या पोटावर पाय देशील तू."

मावशीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढे मात्र भलतेच झाले. दिवसामागून दिवस गेले, आणि भिंत पांढरीच राहिली. रोज सकाळी मावशी दार उघडून पाही, तर भिंत आदल्या दिवशीसारखीच लख्ख. साहेब येता-जाता थांबू लागले.

"बघा! तुमची भिंतच आमच्या बाजूने बोलायला लागली. उगाच धूळ धूळ करत होता."

समोरची शेजारीण तर ओट्यावरूनच ओरडली, "मावशी, गेलात साहेबांची जिरवायला, आणि तुमचीच जिरली की हो!"

मावशी हसली, पण मनातून खट्टू झाली. कठडा रोज काळा होत होता. पाण्याच्या हंड्यावरच्या झाकणावर रोज थर बसत होता. आत मुलाची लहान पोर, तिची नात, रोज खोकत होती. मग खोटे बोलतेय ते कोण, कठडा की भिंत? तिने देवापाशी हात जोडले आणि स्पष्टच विचारले, की बाबा रे, तू नक्की कोणाच्या बाजूचा? देव हसतमुख होता, नेहमीसारखा.

एकदा ती पहाटे नेहमीपेक्षा लवकर उठली. भजनाची पहिली ओळ ओठांवर आली, आणि बाहेर पाणी पिळल्याचा आवाज झाला. तिने खिडकी किलकिली केली.

रात्रपाळीहून परतलेला तिचा मुलगा भिंत पुसत होता. ओल्या फडक्याने, वरून खाली, अगदी हलक्या हाताने. बादलीतले पाणी काळे झाले होते.

मावशी दारात येऊन उभी राहिली. तो दचकला.

"कोपरे राहिलेत," ती म्हणाली.

"आई, ऐक ना..."

"रोज पुसतोस?"

त्याने मान खाली घातली. "पिशव्या फाटल्यात. रात्री भट्ट्या जोरात चालल्या की सगळी धूळ इकडे येते. नव्या मागितल्या तर म्हणाले, तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर फाटक्याच चालव. मी बोललो तर..."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का रे?"

"नोकरी राहते ना!" तो एकदम मोठ्याने म्हणाला.

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. बारीक, कोरडा, लांबत जाणारा.

"भिंत पुसशील तू," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरलाच होता. "तिच्या छातीत कुठलं फडकं घालशील?"

ती आत गेली. तिने त्याच्यासाठी चहा टाकला आणि राहिलेले भजन पूर्ण केले. सूर मात्र त्या दिवशी जागेवर लागला नाही.

तपासणीच्या सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी गल्लीत शिरले, आणि मावशीच्या घरासमोर त्यांचे पाऊल थबकले. भिंतीवर वरपासून खालपर्यंत राखाडी ओघळ होते, जणू धुराने बोटे फिरवली होती. राखाडी गल्लीत ती एकच भिंत घाण दिसत होती.

मुलगा पायरीवर बसला होता, कामाच्याच कपड्यांत.

"अरे, हे काय? पूस पटकन! आलेत ते कोपऱ्यावर."

तो उठला नाही. साहेब वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "तुझा कागद माझ्या टेबलावर आहे. आज सही करणार होतो."

मुलाने दाराकडे पाहिले. मावशी आत नातीची वेणी घालत होती. तिने वर पाहिले नाही.

तपासणीच्या बाई सोबतच्या माणसाशी बोलत जवळ आल्या. त्यांची नजर भिंतीवर गेली.

"या घराला रंग दिला नाही का? बरीच जुनी धूळ दिसते."

"अडमुठी बाई आहे," साहेब घाईने म्हणाले. "वर्षानुवर्षं हात लावू देत नाही."

मुलगा उभा राहिला.

"जुनी नाही, बाई," तो म्हणाला. "काल पहाटे मी पुसली होती. रोज पुसत होतो. ही एका रात्रीची आहे."

समोरच्या शेजारणीचा झाडू थांबला.

"रात्रपाळीने माणूस बरळतो," साहेब म्हणाले.

"एका रात्रीची?" बाईंनी त्यांच्याकडे न बघता विचारले. "तुम्हाला कसं माहीत?"

दारातून खुर्ची घासत आणल्याचा आवाज आला. मावशीने ती भिंतीलगत ठेवली आणि पदराने पुसली.

"बसा, बाई," ती म्हणाली. "त्याला पहिल्यापासून सांगू दे."