भिकुबाई बसली नाही ती खुर्ची

साहेब, एका बाईच्या ओठावर आलेले शब्द तुम्ही परत तिच्या घशात कोंबलेत.

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. धुळ्याच्या देवपुरात, एका संस्थेच्या दवाखान्यात, मनाच्या दुखण्याच्या खोलीत माझा जन्म गेला.

आधी तिथं शालिग्राम डॉक्टर होते. त्यांचं मनोविश्लेषण. पेशंट दिवाणावर आडवा, नजर पंख्याकडे, आणि डॉक्टरांना घेऊन मी त्याच्या डोक्यामागे. लहानपणी काय झालं, स्वप्नात काय दिसलं, असं वर्ष-वर्ष खणत राहायचं. मग गाडलेलं दुखणं हाती लागायचं. कित्येकांना त्यानं तारलं, खोटं का बोलू? पण खेड्यातल्या बाया परक्या पुरुषासमोर आडव्या कशा होतील? कडेला टेकायच्या आणि उठून जायच्या.

डॉक्टरांनंतर हेमलताताई आल्या. त्यांची रीत गेस्टाल्टची, जुनं खणण्यापेक्षा आत्ताचं बघायची. त्यांनी मला ओढून पेशंटच्या पुढ्यात आणलं आणि रिकामं ठेवलं. भरलेली होते तेव्हा मी कोणाला दिसत नव्हते. रिकामी झाले आणि लोक माझ्याकडे बघून रडू लागले. ताई विचारायच्या, "आत्ता काय होतंय?" दुखणं ज्याच्यापाशी अडलंय तो माझ्यावर बसलाय असं समजून बोलायचं. मग आपणच माझ्यावर बसून त्याचं उत्तर द्यायचं. अर्थ आपला आपण शोधायचा.

शिरपूरकडच्या खेड्यातून भिकुबाई आली. तिच्या लेकीला, पुनमला, नर्स व्हायचं होतं. भिकुबाईच्या सासऱ्यांनी, रुपचंद नानांनी, पोरीचं लग्न परस्पर ठरवलं. पहिल्या बाळंतपणात पोरगी गेली. पुढं नानाही वारले. भिकुबाईच्या घशाखाली घास उतरेना, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल.

माझ्याकडे बोट करून ताई म्हणाल्या, "अक्का, समजा नाना इथं बसलेत. बोला."

भिकुबाई ताडकन उठली. पदर ओढला, पाठ फिरवली आणि फरशीवर बसली.

"अहो, खुर्ची रिकामी आहे!"

"तुम्हीच सांगं ना, नाना बठेल शेतस? मंग सासरासमोर मी वर बठू का?"

दोघी हसल्या. ताईही खाली बसल्या. "बरं, आत्ता हात काय करतोय?"

"पदर धरेल शे. गयाले फास बसी इतला."

"तसाच धरा. आणि बोला."

पदराआडून आवाज फुटला. "नाना, पुनम मना पोटनी व्हती. तुम्ही तिनं लगन ठरावं तवय माले काबरं नही इचारं?"

त्या दिवशी तिनं कपभर चहा न अडता प्यायला. ताई म्हणाल्या, "आता नानांच्या जागी बसा. उत्तर द्या."

तिनं माझ्या हातावर बोटं टेकली आणि काढली. "पुढला खेपले बठसू, ताई. नक्की."

संस्थेचा कारभार तुमच्या हाती, साहेब; ती पुढली खेप तुम्ही येऊ दिली नाहीत. "बाया खुर्चीशी बोलतात, हा काय पोरखेळ!" म्हणालात. ताईंना नारळ, खोलीला कुलूप, मला वॉचमनच्या पत्र्याखाली.

भिकुबाई आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. कुलूप बघितलं, मग मला. वॉचमन हिलालभाऊनं माझ्यावरचा डबा उचलला. "बस ना अक्का, चहा घे."

तिनं पदर ओढला. उभ्या उभ्याच मला म्हणाली, "नाना, आते तुमना जागावर कोन बोली?" हात गळ्याशी गेला. ती गेली. चहा तिथंच गार झाला.

मित्रांनो, माझा वेत उसवलाय, त्याचं रडगाणं मी गात नाही. कुणाच्या तोंडून दुखणं बाहेर येत असेल, तर ते पुरतं येऊ द्या, एवढंच जपा.

आणि साहेब, नाना मेले. तुम्ही जिवंत आहात. या, पत्र्याखाली माझ्यावर बसा आणि उत्तर द्या. खोली बंद करताना भिकुबाईला का नाही विचारलंत?