शेऱ्याचा रकाना

"काका, घरात गडबड किती असते ते आधी सांगा," दोन माइक काउंटरवर ठेवत दुकानदारीणबाई म्हणाल्या. "हा फक्त समोरची गिटार ऐकतो, बाकी जगाशी त्याला घेणंदेणं नाही. आणि हा दुसरा, महाचौकस. शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी टिपून घेईल."

"घरात मी आणि फ्रिज," काका म्हणाले. "त्यातला फ्रिज जास्त बोलतो."

बाई हसल्या. "मग चौकसच न्या. शांत घर पाहिजे त्याला."

शांत घर! जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत हयात घालवलेल्या या कारकुनाने तीस वर्षं त्याचाच ध्यास घेतला होता. रविवारी सकाळी दार लावून, टेपरेकॉर्डर सुरू करून तो गिटार घेऊन बसायचा, आणि बायकोला नेमकं तेव्हाच काहीतरी आठवायचं. फसलेलं वाजवणं तो पुसायचा आणि त्यावरच पुन्हा रेकॉर्ड करायचा. पण कचेरीची सवय जाते कुठे? प्रत्येक टेकची वहीत नोंद, आणि पुढे शेरा. 'बाद. कुकरची शिट्टी.' 'बाद. ही शिंकली.' 'बाद. अहो, दूध आलं का?'

"एकदा तरी तोंडाला कुलूप लाव की गं!"

"लावते. किल्ली मात्र मीच ठेवणार. तुम्ही हरवाल."

तोही टेक बाद.

ती गेल्यावर त्याने सगळ्या कॅसेटी काढून ऐकल्या, दोनदा. गिटार लख्ख होती. तिचा एक शब्द कुठे राहिला नव्हता. काम कसं चोख!

चौकस माइक घेऊन काका घरी आले. स्टँडवर लावला. फ्रिजचं बटण बंद केलं. स्वयंपाकघराचं दार मात्र सताड उघडं ठेवलं. वाजवलं. बोट कुठे अडलं नाही, तार कुठे कुरकुरली नाही. शेवटचा सूर विरून गेला तरी माइक चालूच होता, जरा जास्तच वेळ.

मग हेडफोन लावून ऐकलं. गिटार. तिच्यामागे त्यांचा स्वतःचा श्वास. त्याच्यामागे काही नाही.

काकांनी वही उघडली. वळणदार अक्षरात तारीख घातली, टेक पहिला. शेऱ्याच्या रकान्याशी पेन थोडं थांबलं.

'बाद. हाक आली नाही.'

शाई वाळू दिली. मग उठून त्यांनी फ्रिज सुरू केला.