प्रगत नावाचं बटण

त्रेचाळीस सेटिंगची ती जुनी स्क्रीन मी मोडीत काढली, आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बी उगवतं की नाही ते तपासतात. त्याचे निकाल काढणारं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं, बदनापूरला घराच्या वरच्या खोलीत बसून. जुनी स्क्रीन उघडली की माणूस आधी डोकं धरायचा. मी रोज लागणाऱ्या सहा सेटिंग समोर ठेवल्या आणि उरलेल्या सदतीस एका बटणामागे नेल्या. बटणावर लिहिलं, ‘प्रगत’. ज्याला पाहिजे त्यानं दाबावं. काढून काहीच टाकलेलं नाही, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

दोन महिन्यांनी रामरावांचा फोन आला. रामराव त्या प्रयोगशाळेचे मॅनेजर.

“मॅडम, आमची जुनी स्क्रीन वापस द्या. मुगाचे तीन लॉट लागोपाठ नापास झाले. बी बिलकुल चांगलं हाय. एक तर तुमचं नवं चुकून राह्यलं, न्हाई तर मोजणारी पोरगी. पोरीला तर मी सोमवारपासून बंदच करून राह्यलो.”

जुनी स्क्रीन मी मेले तरी परत देणार नव्हते. तोच राग डोक्यात घेऊन शुक्रवारी सकाळी जालन्याची गाडी पकडली. चूक त्या पोरीचीच निघावी असं मला मनापासून वाटत होतं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण वाटत होतं.

पोरीचं नाव साक्षी. परतूरकडच्या आष्टीची, बावीस-तेवीस वर्षांची. आधीच्या बाई निवृत्त झाल्या, ही लागली आणि माझी नवी स्क्रीन बसली, सगळं एकाच आठवड्यात.

“मोजून दाखव,” मी म्हणाले. आवाज मास्तरणीचाच लागला होता.

तिनं ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली. आत चौथ्या लॉटचे, सात दिवसांपूर्वी मांडलेले मुगाचे शंभर दाणे होते. एकसष्ट उगवलेले. एकवीस सडलेले, बोटाखाली पिचणारे. अठरा मात्र जसे मांडले तसेच, हिरवेगार आणि टणक.

“हे अठरा?”

“गणंग हायेत.” मटकी भिजवली की जे दाणे न भिजता तसेच राहतात आणि दाताखाली खड्यासारखे लागतात, ते गणंग. “मेलेले न्हाईत, ताई. पाणी आत जाईना त्यांच्या. उशीर लागतो.”

“मग कॉम्प्युटरमध्ये कुठे भरतेस?”

“दोनच रकाने हायेत. उगवले, न उगवले. मंग न उगवल्यात टाकते. साहेबांना सांगितल्तं मी. ते म्हणले, कॉम्प्युटर इचारतो तेवढंच भरायचं.”

तिसरा रकाना होता. ‘कठीण कवचाचे बी जिवंत धरा’ ही सेटिंग चालू केली की तो दिसायचा. पास व्हायला पंच्याहत्तर लागतात. एकसष्ट आणि अठरा मिळून एकोणऐंशी झाले असते. आधीच्या बाईंनी ती सेटिंग कधीकाळी चालू करून ठेवली होती. मी ती ‘प्रगत’च्या मागे नेली, आणि नेताना बंद केली.

तरी माझी खोड जाईना. “खाली ‘प्रगत’ बटण आहे. दोन महिन्यांत एकदाही दाबलं नाहीस?”

“न्हाई.”

“का?”

“तिथं प्रगत लिहिलंय ना.” मला काही कळलं नाही हे बघून ती गुंडाळी बांधता बांधता म्हणाली, “सहावीत होते तवा गुरुजींनी वर्गाचे दोन भाग केल्ते. प्रगत इकडं, अप्रगत तिकडं. फळ्यावर नावं असायची. माझं दोन वर्षं तिकडंच होतं. मला वाटलं, हे बटण साहेब लोकांचं असंल. आपण दाबावं आन् काही बिघडावं.”

मला शरम वाटली. तो शब्द निवडायला मी अर्धं मिनिटही घालवलं नव्हतं. इंग्रजी शब्दाचा सरकारी मराठी अवतार उचलला आणि चिकटवला.

“पण हे जिवंत आहेत हे तू कशावरून म्हणतेस?”

तिनं टेबलाखालून तीन ट्रे काढले. नापास झालेल्या तिन्ही लॉटमधले गणंग तिनं वेगळे ठेवले होते, एकेकाला ब्लेडनं हलकंसं खरवडून पुन्हा ओल्या कागदावर मांडले होते. चौपन्न दाणे. एक्कावन्न उगवलेले. ट्रेवर तारखा घातलेल्या.

“सोमवारी मला काढूनच टाकणार हायेत. जाताना हे साहेबांच्या टेबलावर ठेवून जाणार होते. बघायचं तर बघतील.”

मी ट्रे उचलले आणि तिला घेऊन सरळ रामरावांच्या केबिनमध्ये गेले. “मोजणारीचं बराबर आहे. चूक माझी आहे, तसं लिहून देते.”

रामरावांनी ट्रे जवळ ओढले, एक कोंब चिमटीत धरून बघितला. “मंग जुनी स्क्रीन वापस द्या.”

“ती देणार नाही. त्या त्रेचाळीसमध्ये तर साक्षी हरवलीच असती. मूग निवडला की स्क्रीन आपणहून विचारेल, गणंग किती. मका निवडला तर विचारणार नाही. बाकीच्या सेटिंग मागेच राहतील, पण तिकडं जायची कुणाला भीती वाटणार नाही, एवढं मी करते. आत्ताच करते, इथे बसून.”

त्यांनी तिन्ही ट्रेवरच्या तारखा वाचल्या. “तिन्ही लॉट परत तपासायला लावा.”

“कोण लावणार? साक्षीला तर तुम्ही बंद करताय.”

“तीच लावंल,” ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता पुढे म्हणाले, “सोमवारपासून जल्दी येत जा जरा.”

दुपारपर्यंत मी तिच्याच टेबलावर काम केलं. मूग निवडला की ‘गणंग’ असा रकाना येऊ लागला. मग बटणाकडे वळले. “हे ‘प्रगत’ काढते. ‘बाकीच्या सेटिंग’ म्हणू.”

“बदलाच,” साक्षी म्हणाली. “उद्या माझ्यासारखी दुसरी कोणी इथं बसंल, तिच्यासाठी बदला.” मी टाईप करायला हात पुढे केला, तर तिनं तो धरला. “पण जरा थांबा, ताई. ते नाव हाय तवर मला एकदा दाबू द्या.”

मी माउस तिच्याकडे सरकवला. तिनं ‘प्रगत’ दाबलं. सदतीस सेटिंग उघडल्या. तिनं खुर्ची पुढे ओढली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.