सगळ्या बॅटऱ्या सुलट

मी योगिनीची कॅमेऱ्याची बॅग बोलतेय.

पंचवटीत ताडपत्र्या शिवणाऱ्या चिमाजींनी मला शिवलं. योगिनी समोर बसून एकेक कप्पा सांगत होती. ती शूटिंग एकटीच करते, हाताखाली कुणी नाही. न बघता हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. माइक डावीकडे, लेन्स मध्ये, बॅटऱ्या पुढच्या कप्प्यात. भरलेल्या सुलट, संपलेल्या उलट्या.

तिचं लग्न झालं आणि मीही सायखेड्याला नांदायला आले. बरेच दिवस कपाटात साड्यांखाली दबून होते. शेवटी तिच्या सासूबाई, सिंधुबाई, म्हणाल्या, "हे एक लग्नाचं शूटिंग कर. जमलं तर बघू पुढचं."

आदल्या दिवशी लाइट गेली. मोजक्याच बॅटऱ्या भरल्या. सकाळी योगिनी आवरत असताना सिंधुबाई माझ्यात डबा ठेवायला आल्या. पुढचा कप्पा त्यांनी सहज उघडला.

"उलटं काय ठेवलंय या पोरीनं? साधी चप्पल उलटी पडली तरी घरात भांडणं होत्यात."

देव्हाऱ्यातल्या देवांसारख्या सगळ्या बॅटऱ्या त्यांनी सुलट बसवल्या. बस सुटेल या घाईत योगिनीने कप्पा पुन्हा पाहिला नाही.

मंगल कार्यालयात शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि कॅमेऱ्यात लाल खूण लुकलुकू लागली. तिचा हात माझ्यात आला. बॅटरी बदलली. स्क्रीन काळीच. दुसरी घातली. तरी काळीच.

"अगं, अंतरपाट निघेल आता," नवरीची आई कुजबुजली. "परत नाही व्हायचं हे."

योगिनीने कॅमेरा ठेवून मोबाइल धरला. तेवढ्यात तो हातातच वाजला. सासूबाई. नव्या सुनेने सासूचा फोन कापायचा, ही काय साधी गोष्ट आहे? अंगठा क्षणभर अडला. मग तिने कापला. अंतरपाट खाली आला आणि दोघांचे चेहरे मोबाइलमध्ये उतरले.

संध्याकाळी सिंधुबाईंनी विचारलं, "फोन का कापला गं?"

"अंतरपाट निघत होता, आई." मग तिने हळू आवाजात बॅटऱ्यांचं सांगितलं.

सिंधुबाई बराच वेळ आमटी ढवळत राहिल्या. ढवळण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं.

"डबा तरी खाल्ला का?"

"वेळच नाही मिळाला."

"मग आधी जेव." ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, "पुढच्या लग्नाला मी फोन नाय करणार."

हल्ली मी दाराजवळच्या खुंटीवर असते. तुमच्याही घरी कुणाची अशी बॅग असेल. आत काही विचित्र ठेवलेलं दिसलं, तर नीट करण्याआधी जिची बॅग आहे तिला एकदा विचारा. आम्हाला ऐन वेळी बोलता येत नाही हो.