चटईवर कुणी 'नको' म्हणेना

हळूच बोलते, कारण इथे माझा कुणावरच भरवसा राहिलेला नाही. मी इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहराच्या एका गल्लीतल्या चित्रदालनाची मधली भिंत.

दालन चित्रकारांनीच मिळून चालवलेलं. नफा नाही, मालक नाही. प्रत्येक प्रदर्शनाआधी सगळे मिळून मला पांढरा रंग देतात. निर्णय मात्र चटईवर बसून, सर्वांच्या संमतीने. हात वर करणं नाही की मतदान नाही. आणि तोंडावर 'नको' म्हणणं? आमच्या जावा बेटावर तो शुद्ध उर्मटपणा!

एके दिवशी कारभार बघणारी सेकार माझ्यावर टकटक करून गेली. मागोमाग चित्रकार गियांतो मोजायची टेप घेऊन आला. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय.

संध्याकाळी चटईवर सेकार म्हणाली, "गियांतोदादांच्या प्रदर्शनात ही भिंत पाडून तिच्या विटाच मांडू या. कसं वाटतं?"

"छान," गियांतो म्हणाला.

"छानच की!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझा वैरी कोण? भिंतीला कान असतात म्हणतात, ते मी टवकारले. दुसऱ्या दिवशी गियांतो मला टेकून मित्राजवळ कुरकुरला, "भिंत पाडायचं मी मागे गमतीत बोललो रे. सेकारने मनावर घेतलं. आता तिचं मन कसं मोडू?"

थोड्या वेळाने सेकार बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, मला कुठे हवंय? पण दादांचं स्वप्न आहे ते."

लबाड कुठले! मला दोघांचंही खरं वाटलं नाही.

घण पडू लागले. मी कमरेपर्यंत खाली आले, तेवढ्यात शेजारच्या टपरीवाल्या बू तुम्नी चहा आणि तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, घेऊन आल्या.

"अरे देवा! ही कुणाची अक्कल?"

गियांतोने सेकारकडे पाहिलं, सेकारने गियांतोकडे.

"म्हणजे तुला नको होतं?"

"आणि तुम्हालाही?"

"सगळे मेले गोडबोले!" बू तुम्नी फणकारल्या आणि रिकामा ट्रे घेऊन निघून गेल्या.

म्हणजे वैरी कुणीच नव्हता. हे कळल्यावर तर मला जास्तच भीती वाटू लागली. वैऱ्याला निदान ओळखता येतं, त्याच्यापासून सावध राहता येतं. या भल्या माणसांपासून कसं राहायचं?

आता माझं उरलेलं अंग ठेवायचं की पाडायचं, ते ठरवायला सगळे पुन्हा बसलेत. बाबांनो, हात जोडते, मला हात नसले तरी. मनात असेल ते एकदा ओठांवर येऊ द्या.

"अर्धवट बरी नाही दिसत ना?" सेकार विचारतेय. "उरलेली पण पाडू या?"

गियांतो हसतोय. "तुला बरं वाटेल तसं."

बाकीचे माना डोलावताहेत.